गल्ल्यावर माणूस की यंत्र?

मोठ्या दुकानात वस्तू निवडण्यास लागतो त्याहून अधिक वेळ बिलाच्या रांगेत जातो, ही शहरी ग्राहकांची जुनी तक्रार आहे. या तक्रारीवरील उपाय म्हणून अमेरिका आणि युरोपातील सुपरमार्केटमध्ये ग्राहकाने स्वतःच बिल करावयाची यंत्रे आली. मात्र या यंत्रांनी गल्ल्यावरील कर्मचाऱ्याची जागा पूर्णपणे घ्यावी काय, याविषयी तेथे आजही एकमत नाही.

स्वयंसेवेची वाटचाल

पूर्वी ग्राहक यादी वाचून दाखवीत असे आणि दुकानातील नोकर फळीवरून वस्तू काढून देत असे. क्लेरेन्स सॉन्डर्स यांनी १९१६ मध्ये अमेरिकेतील मेम्फिस येथे ‘पिगली विगली’ हे दुकान उघडून वस्तू निवडण्याचे काम ग्राहकाकडे सोपविले. १९३७ मध्ये त्यांनी ‘कीडूझल’ हे स्वयंचलित दुकानही काढले. पण यंत्रे वारंवार बिघडू लागल्याने तो प्रयोग फसला. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय येथे च्युइंगगमच्या पाकिटावरील बारकोड गल्ल्यावर प्रथमच वाचला गेला. पुढे डेव्हिड हंबल यांनी तयार केलेल्या स्वयंबिलिंग यंत्राची चाचणी १९८६ मध्ये अटलांटाजवळील क्रोगर कंपनीच्या दुकानात झाली.

यंत्र कसे चालते?

ग्राहक वस्तूवरील बारकोड यंत्रासमोर धरतो आणि वस्तू शेजारच्या पिशवीत ठेवतो. अनेक यंत्रांत पिशवीखाली वजनकाटा असतो. नोंदलेल्या वस्तूचे वजन आणि पिशवीत पडलेले वजन जुळले नाही, तर यंत्र थांबते आणि मदतनीसाला बोलवावे लागते. सुट्या भाज्या व फळे पडद्यावरील यादीतून निवडावी लागतात. मद्यासारख्या, वयाची अट असलेल्या वस्तूंसाठी कर्मचाऱ्याची संमती लागते. म्हणजेच ‘माणसाविना’ म्हटल्या जाणाऱ्या या व्यवस्थेतही अनेक यंत्रांमागे एक माणूस उभा असतोच.

दोन्ही बाजू

यंत्रांचे समर्थक प्रामुख्याने वेळ आणि खर्च यांकडे बोट दाखवितात. एका गल्ल्याच्या जागेत अनेक यंत्रे मावतात, दोन-चार वस्तू घेणाऱ्याला ताटकळावे लागत नाही आणि कर्मचाऱ्यांच्या टंचाईतही दुकान चालू राहते. २०२० च्या करोना साथीत संपर्क टाळण्यासाठीही अनेकांनी हा मार्ग पत्करला.

विरोधकांचा मुख्य आक्षेप रोजगाराविषयी आहे. अमेरिकेत तीस लाखांहून अधिक लोक गल्ल्यावर काम करतात व त्यांत महिलांची संख्या मोठी आहे. फारसे शिक्षण वा अनुभव नसलेल्यांना मिळू शकणारी ही नोकरी असल्याने ती गेल्यास दुसरी मिळणे कठीण, असे कामगार संघटना म्हणतात. शिवाय काम नाहीसे होत नाही. ते विनामोबदला ग्राहकाच्या गळ्यात पडते. दृष्टिहीन व वृद्ध ग्राहकांना पडद्यावरील व्यवहार जड जातो, हा मुद्दाही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

दुकानदारांची माघार

या वादाला अलीकडे कलाटणी दिली ती मालाच्या तुटीने. वस्तू न नोंदविणे किंवा महाग फळ स्वस्त भाजी म्हणून नोंदविणे यंत्रासमोर सोपे असते. ब्रिटनमधील लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये ग्राहकाने हातातील उपकरणाने स्वतः नोंद करण्याच्या पद्धतीचा अभ्यास केला, तेव्हा सुमारे चार टक्के मूल्याच्या मालाची नोंदच झाली नसल्याचे आढळले. त्यात लबाडी किती आणि निव्वळ चूक किती, हे ठरविणे अवघड असते.

उत्तर इंग्लंडमधील ‘बूथ्स’ या साखळीने २०२३ मध्ये दोन दुकाने वगळता सर्वत्र ही यंत्रे काढण्याचे जाहीर केले. अमेरिकेत ‘टार्गेट’ने २०२४ मध्ये बहुतेक दुकानांत यंत्रावर दहा वस्तूंची मर्यादा घातली. कॅमेरे व संवेदकांच्या आधारे बिलाची रांगच संपविणारी व्यवस्था ॲमेझॉनने २०१८ मध्ये सिॲटलमध्ये ग्राहकांसाठी खुली केली होती. २०२४ मध्ये तीच व्यवस्था अमेरिकेतील आपल्या ‘फ्रेश’ दुकानांतून काढण्याचा निर्णय कंपनीने घेतला. नेदरलँड्समधील ‘जम्बो’ने तर एकाकी वृद्धांसाठी, घाई नसलेल्यांसाठी ‘गप्पांचे गल्ले’ सुरू केले.

आपल्याकडे काय?

मुंबईत नायगावला १९४८ मध्ये सुरू झालेल्या ‘अपना बाजार’पासून पवईत २००२ मध्ये उघडलेल्या पहिल्या ‘डी-मार्ट’पर्यंत स्वयंसेवा रुजली, पण ती मुख्यतः वस्तू निवडण्यापुरती. बिल करणारा माणूसच राहिला आणि दाराशी बिल तपासून शिक्का मारणारा सुरक्षारक्षकही. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत वेतन कमी असल्याने यंत्रावरील खर्च भरून निघणे येथे कठीण आहे. उलट, शिक्षण अर्धवट सुटलेल्या तरुण-तरुणींना अशा नोकऱ्यांचा मोठा आधार असतो.

परदेशातील अनुभव पाहता यंत्राला थोड्या वस्तूंची घाईची खरेदी साधते. भरलेली ट्रॉली, सुटा माल आणि अडलेला ग्राहक यांसाठी माणूसच लागतो. त्यामुळे यंत्र हे गल्ल्याच्या जोडीला असावे, त्याच्या जागी नव्हे, हाच तूर्त व्यवहार्य मार्ग दिसतो. यंत्रामुळे वाचलेला पैसा कोणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न मात्र त्यानंतरही उरतोच.