गाडी बंद करण्याचा अधिकार कोणाचा? बॅटरी कट-ऑफ स्विचचा इतिहास

१/ आगगाडीच्या डब्यातील लाल साखळी आपण सर्वांनी पाहिली आहे. इंजिनचालकाला न विचारता गाडी थांबवण्याचा अधिकार ती प्रवाशाला देते. स्पोर्ट्स कारमध्येही असाच अधिकार देणारे एक उपकरण असते. त्याचे नाव बॅटरी कट-ऑफ स्विच. आजचा थ्रेड त्याच्या इतिहासावर.

२/ आरंभ दोन जवळच्या तारखांपासून करू. १८५९ साली फ्रान्समध्ये गास्तों प्लांते याने शिसे व आम्ल यांची, पुन्हा पुन्हा भारता येणारी बॅटरी तयार केली. पुढच्याच वर्षी, १८६० साली, जी. आय. पी. रेल्वे सोलापुरास पोहोचली. तोच मार्ग अक्कलकोट तालुक्यातील आमच्या दुधनीवरून पुढे सरकत १८७१ मध्ये रायचूरला मद्रास रेल्वेशी जोडला गेला.

३/ मोटारीला मात्र दीर्घकाळ या बॅटरीची फारशी गरज भासली नाही. इंजिन सुरू होई ते पुढच्या बाजूस हँडल घालून, मनगटाच्या जोरावर. इंजिनाने उलटा झटका दिला की हात मोडण्याची भीती असे. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर बसला आणि हँडलचे युग ओसरू लागले.

४/ या सोयीची किंमत काय, हे पुढे कळले. स्टार्टरला क्षणभर शेकडो अँपिअर प्रवाह लागतो, म्हणून बॅटरीपासून निघणारी तार बोटाएवढी जाड असते. १२ व्होल्टचा माणसाला झटका बसत नाही. परंतु ही तार अपघातात चेपून गाडीच्या लोखंडी अंगाला टेकली, तर ती काही क्षणांत लालबुंद होते. जवळ पेट्रोल सांडलेले असेल तर पुढचे सांगावयास नको.

५/ भारतीय मोटारउद्योगाच्या आरंभाशी आमच्या जिल्ह्याचे नाते आहे. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला उभा राहिला. तेथूनच पुढे फियाट ११०० आणि प्रीमियर पद्मिनी या गाड्या बाहेर पडल्या.

६/ त्या काळच्या गाडीत विजेची कामे मोजकीच होती : ठिणगी, दिवे, हॉर्न, वायपर. किल्ली फिरवली की जवळजवळ सर्व काही शांत. गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल, तर मेकॅनिक बॅटरीचे एक टर्मिनल सैल करून ठेवी. कट-ऑफ स्विचची ती सर्वांत साधी, हातपान्याची आवृत्ती.

७/ स्पर्धेच्या मैदानात एवढ्याने भागत नव्हते. २९ जुलै १९७३. हॉलंडमधील झांडव्होर्टच्या शर्यतीत रॉजर विल्यमसन या तरुण चालकाची गाडी उलटून पेटली. डेव्हिड पर्ली आपली शर्यत सोडून धावत आला आणि एकटाच गाडी सरळ करण्यासाठी झटत राहिला. जवळच्या मार्शलांकडे अग्निरोधक पोशाख नव्हते. विल्यमसन वाचला नाही.

८/ ती आग निव्वळ एका स्विचने विझली असती, असे म्हणणे इतिहासाशी अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु अशा दुर्घटनांनी एक प्रश्न अटळ केला. चालक बेशुद्ध असेल, पट्ट्यांत अडकला असेल, तर गाडीतील वीज आणि पेट्रोल पंप कोण बंद करणार? उत्तर एकच होते : बाहेर उभा असलेला, गाडीशी पूर्वी कधीही संबंध न आलेला माणूस.

९/ म्हणून आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या, म्हणजे फिआच्या नियमांत मुख्य विद्युतखंडकाला स्थान आहे. तो आतून, पट्टे बांधलेल्या चालकालाही, आणि बाहेरूनही चालवता आला पाहिजे. बंद छताच्या गाडीत बाहेरची मूठ समोरच्या काचेच्या खांबापाशी, खालच्या बाजूस असते. खूण ठरलेली : पांढऱ्या कडेच्या निळ्या त्रिकोणात लाल ठिणगी, त्रिकोणाचा पाया किमान १२ सेंटिमीटर.

१०/ या खुणेचे महत्त्व भाषेपलीकडचे आहे. जपानी गाडी, फिनलंडचा चालक आणि मराठी मार्शल अशी गाठ पडली तरी त्रिकोण दिसला की हात कोठे घालायचा हे कळते. १९८० साली नझीर हुसेन यांच्या पुढाकाराने हिमालयन रॅली मुंबईहून सुटली, तेव्हा अशा परक्या गाड्या आणि देशी स्वयंसेवक यांची भेट आपल्याच रस्त्यांवर झाली.

११/ फॉर्म्युला वनमध्ये याच्याही पुढचा विचार दिसतो. तेथील नियमांनुसार बाहेरच्या स्विचची मूठ आडवी असते आणि ती लांबूनच आकड्याने ओढता यावी लागते. नियम लिहिणाऱ्याच्या मनात जळत्या गाडीजवळ जाऊ न शकणारा मार्शल होता, हे त्या एका अटीवरून कळते.

१२/ आता अंतरंग पाहू. नुसती बॅटरी तोडली तर चालू इंजिन थांबेलच असे नाही, कारण अल्टरनेटर स्वतः वीज निर्माण करत असतो आणि इंजिन त्यावर चालत राहू शकते. शिवाय भरती सुरू असताना बॅटरी अचानक सुटली, तर अल्टरनेटरचा दाब क्षणार्धात उसळतो व संगणकी भाग जळू शकतात.

१३/ म्हणून स्पर्धेच्या गाडीतील स्विचला बहुधा सहा टोके असतात. दोन जाड टोके बॅटरीसाठी. दोन ठिणगीचा प्रवाह तोडण्यासाठी. उरलेली दोन अल्टरनेटरची उसळी ३ ओमच्या छोट्या रोधकातून जमिनीत, म्हणजे गाडीच्या अंगात, सोडण्यासाठी. मूठ एकच असली तरी कामे तीन होतात.

१४/ आधुनिक स्पोर्ट्स कारने मात्र पेच वाढवला. ती कधीच पूर्ण झोपत नाही. अलार्म, किल्लीविना उघडणारे कुलूप, संगणक हे सारे जागे असतात. समजा, हा प्रवाह ५० मिलिअँपिअर आहे. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. ६० अँपिअर-तासांची बॅटरी साधारण २५ दिवसांत अर्धी होते. महिन्यातून एकदा बाहेर निघणाऱ्या गाडीला हे परवडत नाही, म्हणून हौशी मालक स्विच बसवतात.

१५/ बसवताना घाई नडते. पोर्शे ९११ च्या अनेक आवृत्त्यांत बॅटरी पुढच्या सामानकप्प्यात असते आणि काही आवृत्त्यांत त्या कप्प्याचे कुलूप विजेवर उघडते. वीज तोडून कप्पा बंद केला की स्विच आत आणि मालक बाहेर! चौकट नसलेल्या दाराची काच उघडताना किंचित खाली सरकते; वीज नसेल तर तीही सरकत नाही. शिवाय काचांची स्वयंचलित हालचाल गाडीला पुन्हा शिकवावी लागते.

१६/ म्हणून अशा गाडीत स्विच हाताला बाहेरून लागेल तेथे असावा. गाडी बंद केल्यावर संगणक झोपेपर्यंत काही मिनिटे थांबून मगच तो फिरवावा. बॅटरीच्या ऋण टोकावरचा संवेदक मुळीच काढू नये. आणि केवळ बॅटरी उतरण्याचीच चिंता असेल, तर बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर हा अधिक सोपा मार्ग.

१७/ विजेवरच्या गाड्यांनी या इतिहासाला नवे वळण दिले. जुलै २००८ मध्ये स्पेनमधील हेरेथ येथे सरावादरम्यान बीएमडब्ल्यूच्या एका मेकॅनिकला गाडीला हात लावताच झटका बसला. गाडीत ऊर्जा साठवणाऱ्या नव्या यंत्रणेची चाचणी सुरू होती. तोवर धोका होता आगीचा. आता स्पर्शाचाही झाला.

१८/ या नव्या अध्यायात आपली मुले आहेत. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा संघ स्वतः घडवलेल्या विजेच्या शर्यतगाड्या घेऊन इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोनच्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेत उतरला आहे. तेथील नियमांनुसार विजेच्या गाडीला तीन लाल बटणे लागतात : चालकाच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक, तिसरे त्याच्या समोर. कमी दाबाच्या मुख्य स्विचवर मात्र तोच जुना निळा त्रिकोण आहे.

१९/ गाडी सुरू करण्याचा अधिकार हँडलकडून किल्लीकडे आणि किल्लीकडून बटणाकडे गेला, पण तो नेहमीच मालकाजवळ राहिला. बंद करण्याचा अधिकार मात्र स्पर्धेच्या मैदानाने अनोळखी माणसाच्या हाती दिला, आणि तो नियम अनेकांच्या मृत्यूनंतर लिहिला गेला.

२०/ पुढच्या वेळी शर्यतीचे छायाचित्र पाहाल तेव्हा काचेच्या खांबापाशी तो त्रिकोण शोधा. सापडल्यास छायाचित्र खाली अवश्य जोडा. कोणत्या वर्षीच्या गाडीवर तो कोठे होता, याची नोंद आपण मिळून करू.