अर्भकांतील हृदयशस्त्रक्रियेनंतरचे हृदयकार्य

जन्मजात दोष शस्त्रक्रियेने दूर झाला, तरी अर्भकाचे हृदय लगेच जोमाने चालू लागत नाही. पहिल्या काही तासांत ते बहुधा आणखी मंदावते. शरीराच्या गरजेइतके रक्त त्याला पुरवता आले नाही, तर त्या अवस्थेला ‘लो कार्डिअ‍ॅक आउटपुट सिंड्रोम’ म्हणतात. शस्त्रक्रिया निर्दोष झाली असली तरी ही अवस्था येऊ शकते, हे पालकांना आधीच नीट समजावून सांगायला हवे.

या उताराची वेळ बरीचशी ठरलेली असते. महाधमनी आणि फुफ्फुस धमनी यांची जागा बदललेल्या अर्भकांवर धमन्या योग्य जागी जोडण्याची शस्त्रक्रिया करतात. अशा अर्भकांचा बोस्टनमधील अभ्यास 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर 9 ते 12 तासांच्या सुमारास हृदयाकडून शरीराला होणारा रक्तपुरवठा सर्वांत खाली गेलेला आढळला. सुमारे एक चतुर्थांश अर्भकांत तो शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे मिनिटाला 2 लिटरच्याही खाली होता.

याची कारणे अनेक आहेत. हृदय थांबवलेले असताना स्नायूला रक्त मिळत नाही. रक्तपुरवठा पुन्हा सुरू झाल्यावरही पेशींना इजा होते. हार्ट-लंग मशीनमुळे शरीरभर दाह उसळतो आणि रक्तवाहिन्या आकसतात. नवजाताच्या हृदयस्नायूत आकुंचन पावणारे तंतू कमी असतात, पेशीतला कॅल्शिअमचा साठाही तोकडा असतो. दर ठोक्याला जास्त रक्त ढकलणे त्याला फारसे जमत नाही, म्हणून त्याची भिस्त ठोक्यांच्या वेगावर राहते.

अतिदक्षता विभागात रक्तदाबाच्या आकड्यावर विसंबून चालत नाही. आकसलेल्या रक्तवाहिन्या तो काही काळ सावरून धरतात. परिचारिका बाळाच्या पायाची बोटे हाताने चाचपते. अंग गरम आणि पावले गार, लघवी कमी, रक्तातील लॅक्टेट चढते, अशी लक्षणे जुळली की पावले तातडीने उचलावी लागतात. हृदयाला सूज असल्यास छातीचे हाड काही दिवस न जोडता जखम पातळ पडद्याने झाकून ठेवतात. मिलरिनोन हे औषध आकुंचन वाढवते आणि वाहिन्या सैल करते. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील चाचणीत, प्रतिबंधक म्हणून जास्त मात्रेत दिल्यास या सिंड्रोमचा धोका निम्म्याहून कमी झाल्याचे दिसले. औषधे अपुरी पडली तर हृदय-फुफ्फुसांचे काम शरीराबाहेरून करणाऱ्या एक्मो यंत्राचा आधार घेतात.

फॅलोच्या चतुर्विकृतीत (चार जन्मजात हृदयदोष एकत्र असलेल्या विकारात) शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे वेगळे असते. उजवे निलय ताठ राहते. नीट सैल होत नाही, त्यामुळे भरतही नाही. ठोके अतिवेगाने पडू लागले तर भरण्याचा वेळ आणखी घटतो. अशा वेळी बाळाचे अंग थंड ठेवून वेग आवरतात.

बहुतेक अर्भके या टप्प्यातून सावरतात. परंतु फॅलोच्या दुरुस्तीत फुफ्फुस धमनीचा मार्ग रुंद करताना झडप गळकी राहिल्यास उजवे निलय वर्षानुवर्षे ताणले जाते. मूल खेळते-बागडते, तक्रार काहीच नसते आणि तपासण्या मागे पडतात. 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेला तपासणी व उपचारांचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. नवी झडप बसवण्याची गरज मात्र पुष्कळांना त्या वयानंतर पडते.