लवादाची मुदत आणि उभयपक्षी संमती

बेडसे ज्या मावळात वसले आहे, तेथील वतनाचे तंटे पूर्वी गोतसभा व पंचायत यांपुढे चालत. निवाडा मान्य करण्याचा ‘राजीनामा’, म्हणजे संमतीपत्र, वादी-प्रतिवादी आधी लिहून देत. मात्र निवाड्यास विलंब होई. १८१९ च्या अहवालात एल्फिन्स्टनने हा दोष नोंदविला. १९४० च्या लवाद कायद्याने चार महिन्यांची मुदत घातली. सर्व पक्षांच्या संमतीवाचून लवादाने ती वाढविण्याची करारातील तरतूद रद्दबातल मानली. १९९६ च्या कायद्यात मुदत नव्हती. २०१५ च्या दुरुस्तीने बारा महिने ठरवून पक्षांना संमतीने कमाल सहा महिने वाढविण्याची मुभा दिली. त्यापुढे न्यायालयाची परवानगी आवश्यक झाली. संमतीवरील ही मर्यादा उचितच होय. कारण विलंब सोसण्याची ऐपत उभय पक्षांची सारखी नसते.