मूत्रपिंडांना सांभाळणारी चरबी

1960चं दशक नुकतंच लागलंय. तुम्ही इंग्लंडात, केंब्रिजजवळच्या बेब्रॅम गावात आहात. इथली संस्था जनावरांच्या शरीरक्रियेवर काम करणारी, त्यामुळे औषधाचं कुणाच्या डोक्यातही नाही. ॲलेक बँगहॅम अंड्याच्या बलकात सापडणारं लेसिथिन पाण्यात ढवळतो. रॉबर्ट हॉर्न तो नमुना नव्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवतो. डोळा लावा. कांद्यासारखे एकात एक थर, आणि थरांमध्ये कोंडलेलं पाणी! ते कुणी रचलेले नाहीत. या रेणूंच्या शेपट्यांना पाणी नको असतं, म्हणून त्या एकमेकींकडे तोंड करून दडतात आणि पाणी आवडणारी डोकी बाहेर राहतात. पुढे या गोळ्यांना लायपोसोम म्हणू लागले.

आता तीसेक वर्षं पुढे, मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात या. शरीरात खोल शिरलेल्या बुरशीवर ॲम्फोटेरिसिन-बी चालू आहे. ड्रिप सुरू होऊन थोडा वेळ होतो न होतो तोच रुग्णाला हुडहुडी भरते, ताप चढतो. तुम्ही त्याच्या अंगावर दुसरी चादर घालता. रक्ताच्या रिपोर्टात मूत्रपिंडांवरचा ताण दाखवणारं क्रिएटिनिन वर सरकतंय. हे औषध बुरशीच्या आवरणातल्या एर्गोस्टेरॉलला धरून तिथे भोकं पाडतं, पण आपल्या पेशींतलं कोलेस्टेरॉल त्याच नात्यातलं. त्यामुळे मूत्रपिंडंही भरडली जातात.

डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या चमूने इथे, दिल्लीच्या डॉ. बिमल बच्छावत यांच्या साथीने, लायपोसोमच्या रूपातलं ॲम्फोटेरिसिन रुग्णांपर्यंत आणलं. पाण्यात न विरघळणारं हे औषध चरबीच्या थरातच बसून राहतं आणि मूत्रपिंडांना त्याची झळ कमी लागते. विष तेच, फक्त त्याला बसायला जागा दिलेली. मला तरी हा या क्षेत्रातला सगळ्यात समंजस विचार वाटतो.

मे 2021. जग एमआरएनए लशींतल्या चरबीच्या सूक्ष्मकणांचं कौतुक करतंय. कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिनमध्ये मात्र तसले कण नाहीत. महाराष्ट्रातल्या घराघरांत चरबीच्या गोळ्यांची ओळख झाली ती म्युकर या बुरशीच्या आजारावरच्या याच इंजेक्शनामुळे. तुम्ही डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मेडिकलच्या रांगेत उभे आहात. काकांना मधुमेह, कोविडमध्ये स्टेरॉइड दिलेलं, आता डोळ्याखाली सूज. वजन साठ किलो. किलोमागे पाच मिलिग्रॅम म्हणजे दिवसाला तीनशे. एका वायलमध्ये पन्नास, म्हणजे रोज सहा वायल, आणि तेही कित्येक आठवडे.

तुमचा नंबर येतो. लायपोसोमल संपलंय. "साधं देऊ का?" दुकानदार विचारतो.

तुम्ही डॉक्टरांना फोन लावता. ते हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत. एवढंच विचारतात, "काकांचं आजचं क्रिएटिनिन किती आलं?"