झाकली मूठ : संगणकाच्या त्रुटीसंदेशांचा इतिहास

#धागा #तंत्रज्ञानाचा_इतिहास

१/
"काहीतरी चुकले आहे. कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा." संकेतस्थळ बंद पडल्यावर दिसणारे हे मोघम वाक्य आपल्याला चीड आणते. नेमके काय चुकले ते सांगायला काय हरकत आहे, असे वाटते. या मोघमपणामागे मात्र सुमारे अर्ध्या शतकाचा इतिहास आहे. आजच्या धाग्यात तो पाहू.

२/
आरंभ वेबच्या जन्मापूर्वी होतो. १९७० च्या दशकात पीडीपी-१० या संगणकावर 'टेनेक्स' नावाची कार्यप्रणाली चाले. अमेरिकेतील बीबीएन या कंपनीने ती घडवली होती. पासवर्ड चुकला की ती तीन सेकंद थांबून मगच नकार देई. उद्देश असा की, अंदाज बांधत बसणाऱ्याचा वेळ वाया जावा आणि त्याने नाद सोडावा.

३/
याच प्रणालीत आणखी एक सोय होती. स्मृतीच्या ज्या पानाची अद्याप नेमणूक झालेली नाही, त्याला हात लागला की ती तत्काळ वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमला तशी सूचना देई. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना ही सूचना फार उपयोगी पडे. दोन्ही सोयी आपापल्या जागी निर्दोष होत्या. घात झाला तो त्या एकत्र आल्यामुळे.

४/
पासवर्डची तपासणी एकेका अक्षराने होई. चोराने पहिले अक्षर एका पानाच्या अगदी शेवटी ठेवायचे आणि पुढचे पान मोकळे सोडायचे. अक्षर चूक असेल, तर तपासणी तिथेच थांबून 'पासवर्ड चुकला' असे उत्तर येई. अक्षर बरोबर असेल, तर प्रणाली पुढचे अक्षर वाचायला जाई आणि 'हे पान अस्तित्वात नाही' अशी सूचना मिळे. म्हणजे पहिले अक्षर सापडले! मग दुसरे, मग तिसरे.

५/
आता हिशेब पाहा. एका जागी १२८ चिन्हे संभवतात. चार अक्षरी पासवर्डच्या एकूण शक्यता २६ कोटी ८४ लाखांहून अधिक होतात. या युक्तीने मात्र जास्तीत जास्त ५१२ प्रयत्न पुरत. बटलर लॅम्पसन यांनी १९८३ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात ही कथा नोंदवली आहे. पासवर्ड कोणीही फोडला नव्हता. त्रुटीसंदेशानेच तो एकेक अक्षर करून सांगून टाकला होता.

६/
दुसरा प्रसंग युनिक्सचा. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ साली पासवर्डच्या सुरक्षिततेवर एक लेख लिहिला. त्यातील एक बारकावा असा : नाव चुकले की पासवर्ड चुकला, हे प्रणालीने सांगता कामा नये. 'असे नाव आमच्याकडे नाही' या उत्तराचा दुसरा अर्थ असा की, ज्या नावांवर हे उत्तर येत नाही ती नावे आमच्याकडे आहेत.

७/
संदेश एकसारखा ठेवूनही गळती थांबली नव्हती. नाव यादीत असेल तरच पासवर्डचे सांकेतिक रूपांतर केले जाई. त्यामुळे खऱ्या नावाला उत्तर किंचित उशिरा येई आणि खोट्या नावाला लगेच. शब्दांनी लपवलेले गुपित वेळेने उघड केले. त्यावरचा उपाय साधा होता : नाव खरे असो वा खोटे, रूपांतराचे काम दोन्ही वेळी करायचे.

८/
मग वेब आले आणि हा प्रश्न सर्व जगाच्या दारात येऊन उभा राहिला. पूर्वी त्रुटीसंदेश वाचणारा बहुधा त्याच खोलीतला प्रोग्रॅमर असे. आता तोच संदेश कोणत्याही अनोळखी माणसाच्या पडद्यावर उमटू लागला. डेटाबेसमधील तक्त्यांची नावे, फाइलींचे मार्ग, प्रोग्रॅमची आवृत्ती, सारे काही त्यात असे. ते संदेश घरच्या माणसांसाठी लिहिलेले होते, पण आता परकेही ते वाचू लागले होते.

९/
डिसेंबर १९९८ मध्ये 'फ्रॅक' या हॅकरांच्या नियतकालिकात 'रेन फॉरेस्ट पपी' या टोपणनावाने एक लेख आला. संकेतस्थळावरील अर्जाच्या चौकटीतून डेटाबेसला परस्पर आज्ञा कशी देता येते, हे त्यात दाखवले होते. पुढे हे तंत्र एसक्यूएल इंजेक्शन म्हणून कुख्यात झाले. २००१ साली डेव्हिड लिचफिल्ड यांनी पुढचा टप्पा मांडला : त्रुटीसंदेशांच्या आधारे अख्ख्या डेटाबेसची रचना उलगडणे.

१०/
यातली क्लृप्ती अशी. मुद्दाम चुकीची आज्ञा द्यायची, की डेटाबेस तक्रार करताना स्तंभाचे नाव सांगतो. मजकुराचे संख्येत रूपांतर करायला लावायचे, की तो म्हणतो, 'अमुक मजकूर संख्येत बदलता येत नाही.' आणि तो अमुक मजकूर म्हणजे कोणाचा तरी पासवर्ड! डेटाबेस प्रामाणिकपणे आपली अडचण सांगत होता, आणि तो प्रामाणिकपणाच चोराच्या उपयोगी पडत होता.

११/
२००४ साली ओवास्प या संस्थेने वेब सुरक्षेतील दहा प्रमुख दोषांची यादी प्रसिद्ध केली. त्यात 'त्रुटींची अयोग्य हाताळणी' या दोषाला स्वतंत्र स्थान होते. हळूहळू एक नियम रूढ झाला : सविस्तर तपशील सर्व्हरवरील नोंदवहीत लिहावा, आणि वापरकर्त्याला मोघम वाक्य व फार तर एक संदर्भ क्रमांक द्यावा. त्या क्रमांकावरून तंत्रज्ञाला नोंद सापडते, परक्याला मात्र काही कळत नाही.

१२/
एवढ्याने भागले असेल, असे कोणाला वाटेल. तसे झाले नाही. सप्टेंबर २०१० मध्ये ब्युनोस आयर्स येथील परिषदेत हुलियानो रिझ्झो आणि थाय डुओंग यांनी मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटवरील हल्ला दाखवला. सांकेतिक मजकूर ठराविक लांबीचा व्हावा म्हणून त्याच्या शेवटी भराव घालतात. तो भराव चुकला तर सर्व्हरचे उत्तर वेगळे येई. या एका फरकावरून किल्ली हाती नसतानाही मजकूर उलगडता येत असे. या हल्ल्याचे मूळ सर्ज व्होदने यांच्या २००२ मधील संशोधनात होते.

१३/
मायक्रोसॉफ्टचा तातडीचा सल्ला बोलका होता : चूक कोणतीही असो, सर्वांसाठी एकच पान दाखवा, आणि ते दाखवण्यापूर्वी थोडा अनियमित विलंब घाला. मॉरिस आणि थॉम्पसन यांचा १९७९ चा धडा ३१ वर्षांनी पुन्हा गिरवला गेला. त्याच महिन्याच्या २८ तारखेला कंपनीने आपले नेहमीचे वेळापत्रक मोडून दुरुस्ती प्रसृत केली.

१४/
कधी कधी गळतीला असे गणितही लागत नाही. कलावंतांना आश्रयदाते मिळवून देणारे 'पेट्रिऑन' हे संकेतस्थळ २०१५ साली फोडले गेले. चाचणीसाठीची, दोषशोधनाची सोय चालू असलेली एक प्रत सर्वांना दिसेल अशी राहिली होती, आणि तिच्यामागे खऱ्या ग्राहकांच्या माहितीची नक्कल होती. सुमारे २३ लाख ई-मेल पत्ते बाहेर पडले. प्रोग्रॅमरला चूक शोधायला जी खिडकी लागते, ती रात्रभर रस्त्याकडे उघडी ठेवावी, तसा हा प्रकार.

१५/
इथे एक सावधानता हवी. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण या इतिहासाला लागू पडते, पण अर्धीच. संदेश लपवल्यावर चोरांनी 'हो' आणि 'नाही' एवढ्यावरून, किंवा उत्तराला लागणाऱ्या वेळेवरून माहिती काढण्याची तंत्रे शोधली. मूठ झाकल्याने वेळ मिळतो, पण मूळ दोष जातो तो दुरुस्तीनेच. तपशील लपवून दुरुस्ती टाळणारा स्वतःलाच फसवतो.

१६/
या इतिहासात खलनायक कोणी नाही. टेनेक्सची सूचना उपयोगी होती, डेटाबेसची तक्रार खरी होती. नडला तो एक प्रश्न न विचारणे : हे उत्तर कोण वाचणार आहे? तुमच्यापैकी जे उद्या संकेतस्थळे घडवतील, त्यांनी ते लोकांसाठी खुले करण्यापूर्वी हा प्रश्न अवश्य विचारावा. त्या नोंदींमध्ये दुसऱ्या कोणाचे तरी नाव, पत्ता आणि पासवर्ड असतो, आणि तो तुमच्या विश्वासावर ठेवलेला असतो.

धागा समाप्त. आवडल्यास पुढे पाठवा, आणि शंका असल्यास खाली जरूर विचारा. 🙏