ऐदी

ऐदी (विशेषण) : अंगात ताकद असून हातपाय न हलवणारा, दुसऱ्याच्या कष्टावर आयते खाणारा. मूळ अरबी ‘अहद’ म्हणजे एक. अकबराच्या फौजेतले अहदी शिपाई कुणा मनसबदाराच्या हाताखाली नसत, थेट बादशहाचे चाकर असत. मोठ्या प्रसंगी कामगिरी, एरवी बसून पगार. त्यावरून आळशाला अहदी म्हणू लागले; मराठीत त्याचे ऐदी झाले.

इंग्रजी ‘इंडोलंट’ अर्थाने जवळचा, पण लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ ‘वेदना नसलेला’. डॉक्टरांच्या रिपोर्टात गाठीला इंडोलंट म्हटले असेल, तर ती हळू वाढणारी आहे एवढाच बोध घ्यावा.

मराठीतल्या छटा बारीक आहेत. अंगचोर शेतावर येतो, पण उचलायला हलका भारा शोधतो. कामचुकार ऐन लावणीत गायब होतो. सुस्त तर जेवून उठलेला कोणीही असतो. ऐदी घरातून निघतच नाही, आणि ताटावर मात्र वेळेवर बसतो.

पेण-रोह्याकडे हा शब्द शेतकऱ्याला लावताना फार जपावे. पेणच्या खारेपाटात समुद्राचे पाणी बांधाने अडवून भात काढतात. पीक एकच, पावसाळी. कापणीनंतर शेते मोकळी दिसतात, पण माणसे बांधाच्या डागडुजीवर, वीटभट्टीवर किंवा हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत असतात. उधाणात बांधाला खांड गेली की खारे पाणी आत शिरते. मग तीच जमीन काही पावसाळे पिकत नाही. रोह्यात चित्र वेगळे. भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेले पाणी कुंडलिकेत येते, डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यात जाते, आणि जिथे ते पोचते तिथे उन्हाळी भातही उभे राहते. फरक पाण्याचा आहे, स्वभावाचा नाही. रस्त्यावरून जाता जाता पडीक शेत पाहून मालकाला ऐदी ठरवणे हा अन्याय आहे.

शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरी व आसपासच्या गावांतल्या कुळांनी 1933 पासून सुमारे सहा वर्षे खोतांच्या जमिनी मुद्दाम कसल्या नाहीत. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालचा तो संप होता. ती माणसे उपाशी राहिली, लाकडे तोडून विकली, पण नांगर धरला नाही. बसून पीक खाणारा तिथे कूळ नव्हते, खोत होता. शब्दाच्या खऱ्या अर्थाने ऐदी तोच.

भाववाचक नाम : ऐदीपणा. समानार्थी : आयतोबा, आयतखाऊ.