खानदेशी फडावरचा सोंगाड्या

नंदुरबार जिल्ह्यात सत्तेची टवाळी करणारे लोकनाट्य दोन ठिकाणी भेटते: तापीकाठच्या सपाटीवरच्या खानदेशी तमाशात आणि नवापूरकडच्या आदिवासी गावांतल्या सोंगाड्या पार्टीत. १९०६ साली खानदेशाचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे झाले, १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार निघाला; फडांच्या, म्हणजे तमाशा मंडळांच्या, फिरतीला या सीमा कधी आडव्या आल्या नाहीत. शहादा तालुक्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते, तिथे घोड्यांच्या बाजाराइतकीच गर्दी तमाशाच्या तंबूंना असे. भिका-भीमा सांगवीकर, धोंडू-कोंडू ही फडांची नावे खानदेशात घरोघरी माहीत होती.

तमाशात गणानंतर, म्हणजे गणेशवंदनेनंतर, गवळण येते आणि अधिकाराची थट्टा तिथूनच सुरू होते. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या अडवतात, दुधादह्यावर कर मागतात. गवळणींची मावशी, म्हणजे लुगडे नेसलेला पुरुष, कंबरेवर हात ठेवून जाब विचारते: कर कसला, कोणी लावला, पावती कुठे? प्रसंग पुराणातला, पण चालू फाळा, जकात, पट्टी त्यात सहज शिरते आणि देवाचे नाव पुढे असल्याने कोणाला बोलता येत नाही. पुढे वगात, म्हणजे तमाशातल्या कथानाट्यात, राजाचा दरबार भरतो. राजा हुकूम देतो, सोंगाड्या, म्हणजे विदूषक, तो मोठ्या अदबीने परत म्हणून दाखवतो. दर वेळी एखादा शब्द निसटतो, आणि तिसऱ्या खेपेला हुकूम राजावरच उलटलेला असतो. तरी राजा सहसा गादीवरच राहतो. खरा मार बसतो प्रधानाला, कोतवालाला, हवालदाराला. गावकऱ्याची गाठ याच मंडळींशी पडते, हे फडकऱ्यांनी नेमके ओळखले होते.

१८७६च्या नाट्यप्रयोग कायद्याने इंग्रज सरकारला प्रयोग बंद पाडण्याचा अधिकार मिळाला. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर १९१०मध्ये बंदी आली. तमाशातली बतावणी, म्हणजे विनोदी संवाद, मात्र जागेवर सुचलेली, कागदावर नसलेली. तपासायची तरी काय? स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली ती अश्लीलतेच्या नावाखाली, आणि पुढे अटी घालून उठवली. कोतवालाच्या रिकाम्या जागेसाठीची ओढाताण दाखवणारे वसंत सबनिसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य १९६५मध्ये आले. त्यात दादा कोंडक्यांनी हवालदार उभा केला आणि फडावरची ही थट्टा शहरी नाट्यगृहात पोचली.

सोंगाड्या पार्टीत दरबाराचा थाट कमी. लग्नाला किंवा गावच्या उत्सवाला ती रात्रभर चालते. बायकांची कामे पुरुषच करतात. मावची, भिली, अहिराणी, गुजराती एकमेकींत मिसळतात. साहेब एका बोलीत विचारतो, गावकरी दुसरीत उत्तर देतो, आणि अडाणी ठरतो तो साहेब.

अर्थात हा विनोद नेहमी वरच्यांवरच पडतो असे नाही. दारुडा नवरा, भांडखोर बायको, सासू यांच्यावरही पुष्कळ हशा वसूल केला जातो, आणि खेळाची सुपारी देणाऱ्या यजमानाला बहुधा सांभाळूनच घेतात. वग मध्यरात्रीनंतर रंगायचा. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर कर्ण्यांवर निर्बंध आणल्यापासून फडांना तो आखडता घ्यावा लागतो, आणि कापाकापीत बतावणीही आक्रसते.